अबूदेफदुफ आणि मुल्या : माशांच्या नावांत उरलेला इतिहास

१/ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाबाहेर, पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ वाढलेले आहेत. त्या प्रवाळांभोवती तळहाताएवढा एक मासा थव्याने फिरताना दिसतो. अंगावर पाच काळे उभे पट्टे असल्यामुळे इंग्रजीत त्याला ‘सार्जंट मेजर’ म्हणतात. शास्त्रीय ग्रंथांत मात्र त्याच्या प्रजातीचे नाव ‘अबूदेफदुफ’ असे आहे. हा शब्द लॅटिन नाही आणि ग्रीकही नाही. तो अरबी आहे. मालवणच्या पाण्यातील माशाला अरबी नाव कसे मिळाले, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ हा प्रश्न केवळ शब्दव्युत्पत्तीचा नाही. माशांचे वैविध्य आणि त्यांच्या शरीररचनेतील अनुकूलन यांचे ज्ञान प्रथम कोणाकडे होते, ते कोणी लिहून घेतले आणि कोणाच्या नावावर जमा झाले, असा तो आहे. त्याचे उत्तर तांबड्या समुद्रापासून मुंबईपर्यंत आणि मुंबईपासून दख्खनच्या नद्यांपर्यंत जाते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेला हिंगोली जिल्हाही त्यात येतो. कसा, ते पुढे पाहू.

३/ प्रथम प्रवाळभित्तीविषयी. जगाच्या सागरतळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही. तरीही ज्ञात सागरी जीवजातींपैकी सुमारे पाव जाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांच्या आश्रयाला असतात. प्रवाळ हा सूक्ष्म प्राणी आहे. त्याच्या ऊतींत एकपेशीय शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून प्रवाळाला देते आणि प्रवाळ चुन्याचा सांगाडा रचत जातो. या सांगाड्यांतून कपारी, भुयारे, कमानी आणि सपाट ओटे तयार होतात. अशा दाट वस्तीत प्रत्येक माशाला राहण्याची, खाण्याची आणि लपण्याची आपली वेगळी रीत शोधावी लागते.

४/ फुलपाखरू मासा पाहा. त्याचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, जणू उभी धरलेली थाळी. त्यामुळे अरुंद कपारीत तो सहज वळतो. त्याचे तोंड चिमट्यासारखे पुढे आलेले असते. भेगेत दडलेला किडा किंवा प्रवाळाचा जिवंत कण त्याला नेमका टिपता येतो. अनेक जातींत डोळ्यावरून एक काळा पट्टा जातो आणि काहींच्या शेपटीजवळ डोळ्यासारखा ठिपका असतो. हल्ला करणाऱ्याला डोके कोणत्या बाजूला आहे हेच कळत नाही आणि मासा भलत्याच दिशेने निसटतो.

५/ पोपट माशाचे दात एकमेकांना जुळून त्यांची चोच झालेली असते. तिने तो मृत प्रवाळावरचे शैवाल खरवडतो. घशात दातांचा दुसरा संच असतो. तो जात्यासारखा चुना दळतो. दळलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. प्रवाळबेटांवरील पांढऱ्या वाळूचा मोठा वाटा या माशांच्या पोटातून आलेला असतो. पोपट माशांच्या काही जाती रात्री स्वतःभोवती चिकट पातळ आवरण विणून त्यात झोपतात. अनेक जातींत मादी पुढे नर होते आणि त्याबरोबर तिचा रंगही बदलतो.

६/ आता आपला अबूदेफदुफ. विणीच्या काळात नर खडकाचा एक तुकडा साफ करतो, मादी त्यावर अंडी चिकटवते आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत पहारा नरच करतो. या दिवसांत त्याचा रंग निळसर, गडद होतो आणि तो आपल्याहून कितीतरी मोठ्या माशावरही धावून जातो. अंड्यांतून निघालेली पिल्ले मात्र प्रवाहाबरोबर खुल्या समुद्रात वाहून जातात. काही आठवड्यांनी ती पुन्हा एखाद्या प्रवाळभित्तीवर येऊन स्थिरावतात. भित्तीचे आवाज आणि तिचा वास त्यांना वाट दाखवतात.

७/ या माशांची शास्त्रीय नावे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. पोपट माशाची एक जात ‘स्कॅरस घोब्बान’, दुसरी ‘हिप्पोस्कॅरस हरीद’. प्रवाळावरचा शिकारी मासा ‘ल्युट्जानस बोहर’. घोब्बान, हरीद, बोहर हे सगळे अरबी शब्द. ‘ल्युट्जानस’ तर मलय भाषेतून आलेला. म्हणजे या शेवटच्या माशाच्या नावाचा पहिला भाग मलय कोळ्यांचा, दुसरा अरब कोळ्यांचा आणि केवळ व्याकरणाचा वेष लॅटिन.

८/ ही अरबी नावे ग्रंथांत आणणारा माणूस म्हणजे पीटर फोर्स्कोल. जन्म १७३२, हेलसिंकी. तो लिनियसचा विद्यार्थी होता. १७५९ मध्ये त्याने नागरी स्वातंत्र्यावर एक पुस्तिका लिहिली आणि स्वीडनच्या सत्ताधाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी सहा जणांची मोहीम पाठवली. १७६१ च्या जानेवारीत कोपनहेगनहून निघालेल्या या मोहिमेत निसर्गअभ्यासक म्हणून फोर्स्कोल होता.

९/ फोर्स्कोल अरबी शिकला आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर मासे गोळा करू लागला. वनस्पती दाबून कागदावर लावाव्यात तशी त्याने माशांची अर्धी कातडी वाळवून कागदावर चिकटवली. त्यांतील काही नमुने आजही कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहात जतन केलेले आहेत. प्रत्येक माशाचे स्थानिक नाव तो टिपून ठेवी, आणि अनेकदा तेच नाव त्याने शास्त्रीय नाव म्हणून स्वीकारले. आपल्या गुरूंप्रमाणे त्याला केवळ ग्रीक-लॅटिन शब्द घडवता आले असते. त्याने तसे केले नाही.

१०/ या मोहिमेचा शेवट करुण आहे. भाषातज्ज्ञ फॉन हावेन १७६३ च्या मे महिन्यात मोखा येथे वारला. त्याच वर्षी जुलैत फोर्स्कोल येमेनमधील यरीम गावी मलेरियाने गेला. वय अवघे एकतीस. उरलेले मुंबईला येणाऱ्या जहाजावर चढले. चित्रकार बाऊरनफाइंड आणि सेवक बेर्गग्रेन यांचा वाटेतच समुद्रावर मृत्यू झाला. वैद्य क्रामर १७६४ च्या फेब्रुवारीत मुंबईत वारला. सहांपैकी एकच उरला, तो म्हणजे मोजणीदार कार्स्टन नीबूर.

११/ नीबूर हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पर्सेपोलिस येथील कीलाक्षर लेखांच्या त्याच्या नकलांवर पुढच्या पिढीने त्या लिपीचे वाचन उभे केले. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली, आराखडे आणि चित्रे काढली. मायदेशी परतल्यावर त्याने आपल्या मृत मित्राची टिपणे संपादित केली आणि १७७५ मध्ये फोर्स्कोलच्या नावाने प्राणिवर्णनांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अबूदेफदुफ, घोब्बान, हरीद आणि बोहर ही नावे त्या ग्रंथातून जगभर गेली.

१२/ आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्यांनी फोर्स्कोलला हा घोब्बान आणि हा हरीद असे सांगितले, ते कोळी कोण होते? त्यांची नावे आपल्या हाती नाहीत. पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन पोपट माशांत फरक करण्याएवढी त्यांची नजर तयार होती, हे त्या शब्दांवरूनच सिद्ध होते. इतिहासात आपण शिलालेख आणि ताम्रपट यांना साधने मानतो. माशाचे नाव हेही एक साधन आहे. ते ज्यांच्या तोंडी होते, त्या निरक्षर माणसांची दुसरी नोंद क्वचितच मिळते.

१३/ आपल्या पूर्व किनाऱ्यावरही असेच घडले. विशाखापट्टणम येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेल्या पॅट्रिक रसेल या वैद्याने १८०३ मध्ये तेथील दोनशे माशांची सचित्र वर्णने प्रसिद्ध केली. माशांना त्याने लॅटिन नावे न देता स्थानिक तेलुगू नावांनीच नोंदवले. ‘जेलो’ हे त्यांतील एक. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ क्युविए याने ते ‘स्फिरीना जेलो’ या शास्त्रीय नावात कायम केले. प्रवाळांच्या आसपास शिकार करणाऱ्या बाराकुडाची ही एक जात.

१४/ मग मराठीचे काय? मराठी शब्दही या शास्त्रीय कोशात गेले आहेत, पण समुद्रातून नव्हे, नद्यांतून. १८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीसाठी नेमले. लोकसंख्या, जमीन, पाऊस यांबरोबर त्याने भीमा आणि तिच्या उपनद्यांतील मासेही गोळा केले. १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्याने दख्खनच्या माशांवरील निबंध मांडला. त्यात नव्या जातींना नावे देताना त्याने सर्रास मराठी नावे घेतली.

१५/ म्हणून आजही जगभरचे शास्त्रज्ञ महाशीराच्या एका जातीला ‘टॉर खुद्री’ म्हणतात, एकीला ‘हिप्सेलोबार्बस कोलस’, आणखी एकीला ‘लेबिओ पोटेल’. आपल्या शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव ‘स्पेराटा सिंघाला’. ‘रोहटी’ या शब्दावरून तर साइक्सने एक संपूर्ण प्रजातीच उभी केली. इंग्रज कानांनी ऐकून रोमन लिपीत उतरवल्यामुळे या शब्दांचे उच्चार थोडे वाकले आहेत. तरीही घोडनदी आणि इंद्रायणीच्या काठची मराठी त्यांत ओळखू येते.

१६/ या यादीतील ‘गारा मुल्या’ मला विशेष वाटतो. हा बोटभर लांबीचा मासा दख्खनच्या वाहत्या ओढ्यांत आढळतो. त्याच्या हनुवटीखाली एक मांसल चकती असते. तिच्या आधाराने तो खडकाला चिकटून राहतो आणि पावसाळी लोंढ्यातही वाहून जात नाही. पोट सपाट, छातीचे पर आडवे पसरलेले. प्रवाळावरील माशांची अडचण दाटीची आहे, तर याची अडचण वेगाची. दोघांच्याही शरीरावर आपापल्या पाण्याचा ठसा उमटला आहे. उन्हाळ्यात डोह आटू लागले की मरळ मासा पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतो, तेही त्याच न्यायाने.

१७/ येथे नकाशाचा प्रश्न येतो. साइक्सचे ‘दख्खन’ म्हणजे कंपनीच्या ताब्यातील दख्खन. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्यामुळे पूर्णा, पैनगंगा आणि कयाधू या नद्यांचे मासे त्या पाहणीत आले नाहीत. मासे सरहद्द पाळत नाहीत, नोंदी मात्र पाळतात. एखाद्या प्रदेशाचे ज्ञान ग्रंथांत नसणे आणि ते लोकांकडेच नसणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

१८/ याच प्रदेशाशी निगडित असा एक जुना ग्रंथ मात्र आहे. बाराव्या शतकात मराठवाड्याचा हा भाग कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील मत्स्यविनोद या प्रकरणात सुमारे ३५ प्रकारच्या माशांचा उल्लेख येतो. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे अशी त्यांची विभागणी केलेली आहे. कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे तेही सांगितले आहे. अनेक नावे प्रादेशिक बोलींतून संस्कृतात आलेली दिसतात.

१९/ कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. समुद्रापासून बरेच दूर. तेथील राजाच्या ग्रंथात समुद्री माशांची माहिती आली, ती गळ टाकणाऱ्या आणि मासे विकणाऱ्या माणसांकडूनच आली असणार. म्हणजे यरीमला देह ठेवणाऱ्या फोर्स्कोलच्या सहा शतके आधी आपल्याकडेही कोणीतरी कोळ्याचे ऐकून लिहीत होते. लिहिणारा राजा म्हणून आपल्याला ठाऊक आहे. सांगणारा येथेही अनामच राहिला.

२०/ या दोन्ही धाग्यांना जोडणारा अभ्यासक म्हणजे सुंदरलाल होरा. १९२१ मध्ये त्यांनी ‘गारा’ प्रजातीतील भारतीय माशांवर निबंध लिहिला. वेगवान प्रवाहातील प्राण्यांचे अनुकूलन हा त्यांचा आयुष्यभराचा विषय झाला. पुढे ते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. याच होरांनी ‘मानसोल्लासा’तील मत्स्यप्रकरणाचा अभ्यास करून तेथील मासे आधुनिक वर्गीकरणात कोणते असावेत, हे १९५१ मध्ये मांडले. ओढ्यातील माशाची चकती पाहणारी नजर आणि संस्कृत पोथी वाचणारी नजर एकाच माणसाकडे होती.

२१/ आता पुन्हा मालवणला. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ मध्ये झाली. किल्ल्याभोवतालच्या बुडालेल्या खडकांतून होडी कशी न्यावी, हे स्थानिक दर्यावर्दींना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. शास्त्रीय नियतकालिकात मात्र पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांची नोंद कासिम आणि वफर या शास्त्रज्ञांनी केली, ती १९७९ मध्ये. त्यांच्या नोंदीत मालवणही होते. १९८७ मध्ये तेथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. ज्यांना ते पाणी सर्वांत आधी कळले, त्यांच्याशी सल्लामसलत करण्याचा प्रश्न तेव्हापासून कायम आहे.

२२/ आणखी खोल समुद्रात, विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, पाण्याखाली एक विस्तीर्ण प्रवाळपठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे वीस मीटर खोल आहे. नकाशावर त्याचे नाव ‘आंग्रिया बँक’. सरखेल कान्होजी आंग्र्यांचे आडनाव या पठाराला मिळाले आहे. कान्होजींशी ज्या इंग्रजांचे आयुष्यभर वैर होते, त्यांच्याच भाषेतील नकाशावर ते टिकले. सरखेलांचे नाव समुद्राला मिळाले. त्यांच्या आरमारात वल्ही मारणाऱ्या कोळी आणि भंडाऱ्यांनी तेथील माशांना दिलेली नावे मात्र कोणा फोर्स्कोलने टिपली नाहीत.

२३/ बाजारात ज्यांना किंमत आहे, त्यांची मराठी नावे टिकली आहेत. तांबोशी, हेकरू हे खडकाळ भागातील मासे ताटात येतात म्हणून बोलीत आहेत. केंड जाळी कुरतडतो म्हणून त्याचेही नाव सर्वांना ठाऊक. पण जो विकला जात नाही आणि त्रासही देत नाही, त्याला पर्यटनाबरोबर आलेले इंग्रजी नाव चिकटते. बुडी शिकवणारा मालवणी तरुण ‘सार्जंट मेजर’ म्हणतो. त्याच्या आजोबांकडे या माशासाठी एखादा शब्द असेल, तर तो विचारून लिहून घ्यायला फार वर्षे हाताशी नाहीत.

२४/ कारण मासेही थांबणार नाहीत. समुद्राचे तापमान वाढले की प्रवाळ आपल्यातील शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. १९९८ पासून जगभर अशा मोठ्या विरंजनाच्या लाटा येऊन गेल्या. चौथी लाट २०२४ मध्ये जाहीर झाली. मालवणच्या प्रवाळांतही विरंजनाची नोंद झाली आहे. पांढरा पडलेला प्रवाळ मेला की कपारी ढासळतात. फुलपाखरू माशाचे चिमट्यासारखे तोंड मग निरुपयोगी ठरते. ज्या जागेसाठी ते शरीर घडले, ती जागाच उरत नाही.

२५/ नद्यांतही तेच घडते. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर या धरणांनी हिंगोली-परभणीच्या शेतीला पाणी दिले, हे खरेच. पण वाहते पाणी थांबले की खडकाला धरून राहणाऱ्या माशाची हनुवटीवरची चकती कशासाठी? जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते आणि बाजारही त्यांचाच होतो. स्थानिक मासा जाळ्यात येईनासा झाला की त्याचे नाव बोलण्यात येत नाही. आधी मासा जातो, मग शब्द, आणि त्यानंतर तो कधी होता हेही सांगता येत नाही.

२६/ म्हणून वाचकहो, हा धागा एका विनंतीशी थांबवतो. तुमच्या गावाजवळ नदी असेल, तर तेथील भोई समाजातील एखाद्या वयस्क माणसाला माशांची नावे विचारा. किनाऱ्यावर असाल, तर कोळी, गाबित, खारवी घरांत विचारा. नाव, गाव, तारीख, मासा कोठे राहतो, कधी दिसतो, त्याचे अंग कसे असते एवढे लिहा. आणि फोर्स्कोल, रसेल, साइक्स या तिघांनी जे केले नाही, ते अवश्य करा. ज्याने सांगितले त्याची परवानगी घेऊन त्याचेही नाव त्या नोंदीत लिहा.